वाघासमोर उभ्या राहिलेल्या बाई

प्राणिसंग्रहालयातल्या वाघाला आता गजांऐवजी काच असते, आणि त्या काचेत वाघापेक्षा बघणारी माणसंच जास्त दिसतात. म्हणून मी नौपाड्याहून निघताना काळा रुमाल घेऊन गेलेलो. कॅमेऱ्याभोवती रुमाल धरून काचेला टेकलं की वाघ एकदम स्वच्छ येतो. शेजारी साठीच्या एक बाई वाकून बघत होत्या. मोहन्याहून आलेल्या, केसांत अबोलीचा गजरा.

"माझ्या मोबाइलवर पण काढ ना रे बाळा."

मी तसाच काढून दिला. त्यांचं तोंड पडलं.

"अरे, यात मी कुठाय? आमचे हे पाय प्लॅस्टरमध्ये घालून घरी बसलेत. म्हणाले, वाघ दिसला की तू पळत सुटशील. मला पुरावा पाहिजे!"

पदर खोचून त्या काचेपासून वीतभर अंतरावर उभ्या राहिल्या. काचेत उमटलेला त्यांचा चेहरा आणि पलीकडचा वाघ मी त्यांच्या खांद्यावरून एकत्र धरला. तेवढ्यात वाघ उठला आणि काचेवर पंजे टेकून उभा राहिला. बाई हलल्या नाहीत. उलट त्याला म्हणाल्या, "बस, बस. झालंच."

मोबाइल घ्यायला त्यांना मागच्या बाकापर्यंत यावं लागलं, कारण मी तिथे पोचलेलो. फोटो हललेला होता, तरी दोन्ही चेहरे ओळखू येत होते. माझ्या स्वच्छ वाघांपैकी एकही मला इतका आवडलेला नाही.

त्यांनी लगेच घरी फोन लावला.

"अहो, मी नाही पळाले. फोटो काढणारा पळाला!"