एका बरणीत दोन समुद्र

माह्या लहान बहिणीच्या, पुष्पलताच्या, त्या माशांचा विषय निघाला की माह्या अंगाचा आजही तिळपापड होते. १९७९ साली ती नागपूरच्या एका कॉलेजात पीएचडी करून राहिली होती, खोल समुद्रातल्या माशांवर. नागपुरात समुद्र कुठचा वं, म्हणून लोक हसत. हसा म्हणाव.

सवाल साधा होता. काळा, बटबटीत डोळ्यांचा एक मासा अरबी समुद्रातही सापडते अन् बंगालच्या उपसागरातही. दिसाले सारखाच. पण त्यायचं कूळ एक का दोन? डोळ्यानं कळत नाही. त्याच्या मांसाचा रस स्टार्चच्या थरात ठेवून वीज सोडायची, मग रंग टाकला की पट्टे उमटतात. आईबापाकडून आलेलं त्या पट्ट्यांत दिसते. अट एकच, मासा गोठलेला पाहिजे. जहाजवाल्यांच्या हातापाया पडून तिनं दोन्हीकडचे मासे रेल्वेनं मागवले. भर मे महिन्यात मी स्टेशनावर बर्फाची लादी घेऊन उभी राहिली.

अन् तिचे हेड, मधुकरराव. कॉलेजात तपासणीची कमिटी येणार होती. ह्या लोकायची जुनी खोड, जीव दिसला की टाक फॉर्मालिनच्या बरणीत अन् ठेव कपाटात. पुष्पी तापानं घरी. ह्यानं फ्रीज उघडला, पिशव्या फाडल्या अन् दोन्ही समुद्राचे मासे एकाच बरणीत कोंबले. शोभेसाठी.

पुष्पी आली, बरणी पाहिली अन् रडतच हेडकडे गेली. फॉर्मालिन लागलं की पट्टे उमटतच नाहीत.

"सर, काहून केलं असं?"

"अगं, सडले असते. आणि सगळे सारखेच तर आहेत. रडतेस काय, पुन्हा मागव."

पुन्हा मागव म्हणे. जसे इतवारीच्या बाजारात टोपलीनं मिळतात. ती जहाजं त्या पाण्यात पुन्हा गेलीच नाहीत. पीएचडी तिथंच बुडाली. पुष्पी आता कामठीच्या शाळेत विज्ञान शिकवते, अन् त्या माणसाबद्दल वाकडा शब्द बोलत नाही. तिच्या वाटचा राग मी करते म्हटलं.

मधुकरराव रिटायर झाले तवा सत्काराले मी मुद्दाम गेली. टेबलावर तीच बरणी, लेबलावर त्याचंच नाव. काय तारीफ चालली होती, बाप्पा. मी उठली, बरणी उचलली अन् त्याच्या पुढ्यात आदळली.

"सर, ह्यातला अरबी समुद्राचा मासा कोणता, एवढं दाखवून द्या. मग घाला हार."

हार घेऊन उभा असलेला माणूस थांबला. मधुकररावानं चष्मा लावला, बरणी फिरवून पाहिली, अन् खाली ठेवली.