पितळेच्या देवीचा फोटो

पुण्याहून नागपूरला आलो की मी मनीषनगरला आत्याकडे उतरतो. या खेपेला एका दुपारी तिलाही संग्रहालय बघायला घेऊन गेलो. गुडघे दुखत असूनही बुद्धमूर्तीसमोर तिने चपला काढल्याच. मग ती बाकावर टेकली आणि मी आवडलेल्या वस्तूंचे फोटो काढत फिरलो. भाजलेल्या मातीचा बैल, एक लाकडी कंगवा, आणि सगळ्यांत जास्त आवडली ती अंगठ्याएवढी पितळेची देवी. पूजेत बोटं फिरून फिरून तिचे नाकडोळे पुसले गेले होते.

तो फोटो मी मूर्खासारख्या उत्साहाने आत्याला दाखवला. ती उठून थेट देवीच्या काचेच्या कपाटापाशी गेली.

"अशेच देव होते आपल्या घरी," ती म्हणाली. "दीक्षा घेतली अन् माया बापानं त्यायचं गठुडं बांधून मले नदीत टाकाले लावलं. आठ वर्षांची होती मी. यायच्या देवळाची पायरी चढू देत नव्हते आमाले. अन् तू फोटो काढून राहिला गा?"

मी फोटो डिलीट केला. मान वर केली, तर आत्या काचेवरून बोट फिरवत होती, बरोबर देवीच्या चेहऱ्यावर.

"ओ आजी, हात नका लावू!" गार्ड दारातून ओरडला. त्याचं काही चुकलं नव्हतं, तो नियमच होता.

एरवी आत्याला पाण्याचा पेला उचलायलाही वेळ लागतो. पण हात तिने ज्या चपळाईने पदराखाली लपवला, ती आठ वर्षांच्या पोरीची होती.