माझी शिरस्त्राणं आणि आईचं हळदीकुंकू

ज्या वर्षी मी लोहार झालो, त्या वर्षी आमच्या घरचा फोन कायम एंगेज असायचा.

लोहार म्हणजे कॉम्प्युटरवरचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं, नगरला सावेडीतल्या आमच्या घरी नुकतंच फोनच्या तारेवरून चालणारं इंटरनेट आलं होतं आणि मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून नोकरी बघत होतो. (नोकरीही मला बघत असावी, पण आमची नजरानजर होत नव्हती.) अशात मला एक खेळ सापडला. त्यात जगभरातली माणसं एकाच वेळी यायची. कुणी योद्धा व्हायचं, कुणी जादूगार. मीही तलवार घेऊन रानात शिरलो आणि पहिल्याच दिवशी एका सशाच्या हातून मेलो. मग मुकाट्यानं लोहारकी पत्करली.

काम सोपं होतं. डोंगरातून लोखंड खणायचं, भट्टीत वितळवायचं आणि ऐरणीवर ठोकायचं. एक ठोका म्हणजे माउसचं एक बटण. असं दिवसभर ठोकलं की कसब तिळाएवढं वाढायचं. आधी खिळे जमले, मग सुऱ्या, आणि बोटांना घट्टे पडल्यावर शिरस्त्राणं.

"डिप्लोमा केला तो यासाठी?" अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एकदा मागं उभं राहून विचारलं.

"अण्णा, हेही लोखंडच आहे."

"भंगारात घालता येईल?"

माझं सगळं लक्ष बोर्गनकडे होतं. बोर्गन हा ड्रॅगन मारणाऱ्या एका टोळीचा म्होरक्या. पोटापर्यंत दाढी, खांद्यावर कुऱ्हाड. त्यानं मला शब्द दिला होता : शनिवारी दुपारपर्यंत अख्ख्या टोळीची शिरस्त्राणं तयार ठेव, तुला टोळीचा लोहार करतो. हसू नका. तेव्हा मला कुणी कशातच घेत नव्हतं, गल्लीतल्या क्रिकेटच्या टीममध्येसुद्धा. एवढ्या मोठ्या जगात कुणीतरी मला 'ये' म्हणणार होतं आणि मला ते जिवापाड हवं होतं.

मी जेवायलाही उठेना, तेव्हा आई मदतीला आली. ती सोनई गावची, खलबत्त्यावर हात बसलेला.

"सर तिकडं. तू जेव, मी ठोकते," ती म्हणाली.

तिला बटण दाबणं आलं, वस्तू उचलून समोरच्याच्या हातात देणं आलं, एका बोटानं चार इंग्रजी अक्षरं टाइप करणंही आलं. मला वाटलं, आपल्याला फुकटचा कारागीर मिळाला.

शनिवार उजाडला आणि नेमकं त्याच दुपारी आईचं संक्रांतीचं हळदीकुंकू निघालं! घरातल्या पुरुषांना अशा वेळी रस्त्यावर काढतात. अण्णा आधीच चपला घालून तयार होते.

"मी कोपऱ्यात बसतो, आवाजसुद्धा करणार नाही," मी म्हणालो.

"बायांत बसतो व्हय? जा भाईर."

"मग एवढं बघ. हा माल तयार आहे. न्यायला येतील त्यांना दे."

"दिते की. निघ तू."

अण्णा आणि मी चौकात चहा पीत बसलो. तिसऱ्या कपाला माझा धीर सुटला आणि मी घर गाठलं.

हळदीकुंकवाला आलेली अख्खी गल्ली कॉम्प्युटरभोवती उभी होती. आई खुर्चीत बसून एका बोटानं काहीतरी टाइप करत होती. शेजारच्या शिंदेमावशी करंडा घेऊन बाजूला उभ्या होत्या आणि कॉम्प्युटरच्या काचेवर कुंकवाची बोटंच बोटं उमटली होती. पडद्यावर माझ्या भट्टीपुढे बायकांची रांग लागली होती. चिलखतातल्या बायका, पंखवाल्या बायका, एक तर हिरव्या रंगाची. आई एकेकीच्या हातात शिरस्त्राण देत होती आणि खाली अक्षरं उमटत होती : GHYA.

"आई, हे काय चाललंय?"

"आरं, तूच म्हनला न्हवं, येतील त्यांना दे? सनाच्या दिवशी बाईमानूस दारात आलं आन् रिकाम्या हातानं गेलं, आसं कुटं आसतं का?"

"पण ती शिरस्त्राणं होती!"

"मला वाट्याच वाटल्या. वान म्हनून लई चांगल्या गेल्या बग."

मी कपाळाला हात लावला. खेळातल्या बायकांपैकी निम्म्याअधिक आतून बाप्येच असतात, हे या बायांना कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यात फुकट माल फक्त बायकांना मिळतोय हे कळल्यावर काही दांडगे योद्धे झटकन जाऊन बाईचं रूप घेऊन रांगेत परत आले होते. शिंदेमावशींनी त्यांनाही कुंकू लावलं होतं.

रांगेबाहेर एकटा बोर्गन उभा होता.

"हा दाढीवाला मगापासनं हुबा हाय," आई म्हणाली. "दोनदा हात पुडं केला. पन बाप्या मानसाला वान कसं द्यावं?"

तेवढ्यात बोर्गननं इंग्रजीत लिहिलं, 'सगळ्यांना दिलंस, मलाच का नाही?' मी रिवाज समजावून सांगितला : आज सण आहे, भेट फक्त बायकांना देतात, चूक माझ्या आईची आहे, मला टोळीत घ्यायचं रद्द करू नका. पलीकडून एकेक ओळ येत गेली. 'मी बाईच आहे. शाळेत शिकवायचे, आता रिटायर झाले. मला नातवंडं आहेत. दाढी लावली की लोक ऐकतात, म्हणून लावली.'

मी ते मराठीत वाचून दाखवलं.

"आगं बाई," शिंदेमावशी म्हणाल्या, "बिचारीला केवढा येळ ताटकळत ठिवलं."

आईचा चेहरा उतरला. वाण संपलं होतं. "आरं, बघत काय बसला? ठोक की एक."

"लोखंडच संपलंय."

"मग खनून आन."

गल्लीतल्या समस्त बायांसमोर मी डोंगर खणला. ("घाव जरा खाली घाल," एक आजी सांगत होत्या.) लोखंड वितळवून मी ठोकायला बसणार, तोच आईनं मला खुर्चीतून उठवलं. माझ्यावर तिचा भरवसा नव्हता. तिनं ठोकलं आणि खेळानं शेरा दिला, 'अत्युत्तम'. इतके दिवस रक्त आटवून तो शेरा मला एकदाही मिळाला नव्हता!

GHYA, आईनं लिहिलं. बोर्गननं ते लगेच डोक्यावर चढवलं. शिंदेमावशींनी काचेवर, बरोबर दाढीच्या वर, कुंकवाचं बोट टेकवलं.

त्याच दिवशी टोळीनं लोहार नेमला. आईला. खातं माझं, नाव माझं, पण मी खेळायला बसलो की बोर्गनबाई आधी विचारायच्या, 'आई आहे का?' नाही म्हटलं की हुकूम यायचा, 'मग तू खाणीवर जा.'

त्या संध्याकाळी अण्णा पेपर वाचत होते. मी म्हणालो, "अण्णा, लागलो एकदाचा कामाला."

"कुणाच्या हाताखाली?"

"आईच्या."

अण्णांनी पेपर खाली घेतला नाही. "बिनपगारी आसंल," ते म्हणाले. "मी पन तिथंच हाय."