भाचीचा काळा मोती

काळा मोती पारखायचा तर दुकानातल्या दिव्यांखाली नाही, खिडकीशी नेऊन, हे मला आमच्या पेठेतल्या सराफकाकांनी शिकवलं. "मोत्यात खिडकी स्वच्छ दिसली तर घ्या. धुरकट दिसली तर खाली ठेवा."

मी भाचीसाठी मोती बघायला गेले होते. मला भाची नाही. पण पन्नाशी उलटलेली एकटी बाई स्वतःसाठी मोती मागते आहे, हे तोंडून निघेना. भाची मात्र कशी झटकन जन्माला आली!

"दातावर हलकेच घासा. खरा असेल तर किंचित खरखरतो."

घासला. खरखरला.

मग त्यांनी दोन मोती पुढे ठेवले. एकाला हिरवी झाक, दुसऱ्याला जांभळी. "हे मात्र भाचीच्या गळ्याशी धरूनच ठरवायचं."

"तिचा रंग अगदी माझ्यासारखा आहे."

"आणि गळा?"

"तोही."

काका हसले नाहीत. त्यांनी आरसा माझ्याकडे वळवला. हिरवी झाक जिंकली.

साखळीत ओवून देताना म्हणाले, "भाचीला सांगा, रोज घाल म्हणावं. डबीत कोंडला की मोती निस्तेज होतो."

परतताना वाटलं, या गावात न जन्मलेल्या अशा किती भाच्या असतील, ज्यांच्या नावावर बायका आपले लाड करून घेतात!

घरी 'कसा दिसतो?' विचारायला कुणी नव्हतं. मी मोती खिडकीशी धरला. खिडकी लख्ख दिसली, आणि तिच्यापाशी इवलीशी, एकटीच उभी असलेली माझी भाची.

"ये गं," मी म्हटलं आणि साखळी गळ्यात घातली.