सात पिढ्यांच्या आत

मधुसूदन हिवरेकर यवतमाळच्या दिवाणी कोर्टात नाझर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा बायको प्रभावतीला धास्ती पडली होती की आता हा माणूस दिवसभर घरात बसून डाळीतले खडे मोजणार. नोकरीत असताना त्यांचा दरारा होता. नाझरसाहेबांनी ‘नोंद नाही’ म्हटलं की ती गोष्ट जगात घडलीच नाही असं समजायचं. घरात मात्र त्यांना फारसं कोणी विचारत नसे. घर चालवायची ती मोठी बहीण कुंदा. ती अवघ्या चार वर्षांच्या संसारानंतर विधवा होऊन माहेरी परतली होती, आणि धाकट्या भावाची, सलीलची बायको गेल्यावर त्याची तान्ही मुलगी भैरवी तिनंच वाढवली. दोन्ही भावांची घरं एकाच आवारात होती. काय शिजवायचं इथपासून कोणाच्या लग्नात किती आहेर करायचा इथपर्यंत सगळं कुंदाताई ठरवायची, आणि नाझरसाहेब तिनं सांगितलेली पिशवी घेऊन बाजारात जायचे.

अशा माणसाच्या हाती पुण्याच्या भाच्यानं एक सीडी दिली. वंशावळ तयार करण्याचं सॉफ्टवेअर. माणसाचं नाव टाका, बापाचं टाका, आईचं टाका, की चौकटी आपोआप जोडल्या जातात आणि पडद्यावर झाड उभं राहतं. मधुसूदनरावांनी निवृत्तीच्या पैशातून संगणक घेतलाच होता. त्या दिवसापासून ते आणि तो संगणक असे दोघेच जगात उरले.

ते साल कापसाच्या वाईट दिवसांचं होतं. भारनियमनानं वीज दिवसाकाठी कितीदा जाईल याचा नेम नसे. वर्तमानपत्रात जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या गावाची बातमी रोज असायची, आणि लोक ती वाचून पान उलटायला शिकले होते. मधुसूदनरावांचं मात्र त्या पानाकडे लक्षच नव्हतं. वीज आली की ते धोतर सावरत खुर्चीकडे धावायचे. हिवरा या मूळ गावचं घर सोडून कोण कुठं गेलं, कोणाला किती मुलं, कोण दत्तक गेलं, याची त्यांनी पत्रं टाकून, फोन करून, एस.टी.चे धक्के खाऊन माहिती आणली. कुळाचा वृत्तांत छापायची चाल पुण्या-मुंबईच्या घराण्यांची; आपल्याकडं ते कोणी केलं नाही, आपण करू, असं ते येईल त्याला सांगायचे. माहिती जमली की तिची सीडी करून नातेवाइकांना वाटायचे. लोक फोन करून म्हणायचे, “मधूभाऊ, कमाल केली तुम्ही.” असं कौतुक त्यांच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदा येत होतं, आणि साठीच्या माणसालाही ते गोड लागतं.

एक गोष्ट सलत होती. त्यांच्या खापरपणजोबांना, गोविंद रामचंद्र हिवरेकरांना तीन मुलगे, पण तिसरा कुठं गेला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग एक दिवस कळंबचे हिवरेकर सापडले. क्षितिज नावाचा तरुण तिथं औषधाचं दुकान चालवायचा. त्याच्या घराण्याचा मूळ पुरुष कोण? तर गोविंद रामचंद्र हिवरेकर. मूळ गाव हिवरा, गोत्रही तेच. मधुसूदनरावांनी ती सगळी शाखा संगणकात भरली, आणि सॉफ्टवेअरनं आपण होऊन विचारलं की हे दोन गोविंद रामचंद्र एकच आहेत काय? एकच असतील तर जोडू काय?

आता आपल्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत. गोविंदाचा रामचंद्र, रामचंद्राचा गोविंद, अशी नावं पिढ्यांतून फिरत राहतात. गाव एक, आडनाव गावावरून पडलेलं, गोत्र तर पन्नास घरांचं एक. अशा गावात दोन गोविंद रामचंद्र निघाले तर नवल कसलं? हे नाझरसाहेबांना कळायला हवं होतं. कोर्टात एका नावाचे दोन इसम उभे राहिले असते तर त्यांनी दोघांचे अंगठे तपासले असते. पण तिसरा मुलगा सापडल्याचा आनंद इतका झाला होता की त्यांनी ‘होय’वर बोट दाबलं. कळंबची सगळी मंडळी एका क्षणात त्यांची भाऊबंद झाली. सात पिढ्यांच्या आतली. त्याची नवी सीडी निघाली आणि घरोघर गेली.

भैरवीचं लग्न जमलं ते त्याच उन्हाळ्यात. मुलगा नागपूरचा, चांगला. खरं तर मुलाकडच्यांना दिवाळीनंतर करायचं होतं, पण कुंदाताईचं हृदय सुजलं होतं. पावलांवर पाणी चढायचं, चार पावलं चाललं की दम लागायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी सलीलला बाजूला घेऊन सांगितलं की हातात फार दिवस नाहीत. म्हणून लग्न घाईनं जूनच्या शेवटी धरलं. आषाढी एकादशीच्या आधीचा तो जवळपास शेवटचा मुहूर्त होता. त्यानंतर चातुर्मास लागला की थेट तुळशीच्या लग्नानंतरच. सलील विधुर, म्हणून कन्यादान मधुसूदन आणि प्रभावतीनं करायचं ठरलं होतं. कुंदाताईनं पलंगावर बसूनच रुखवताचं सगळं केलं. तिचं मागणं एवढंच होतं, की पोरीच्या डोक्यावर अक्षता पडताना आपण मांडवात असावं. विधवा म्हणून मागं बसायलाही तिची तयारी होती.

देवक बसायच्या दोन दिवस आधी क्षितिजचा फोन आला. त्याचे मोठे काका वारले होते. “तुम्ही आपले म्हणून कळवलं,” असं तो म्हणाला.

मधुसूदनरावांनी फोन ठेवला आणि तक्ता उघडला. वर पाचव्या पिढीत गोविंदपंत. म्हणजे दहा दिवसांचं सुतक. घरात पाहुणे यायला सुरुवात झाली होती. त्या आठवड्यात दिल्लीहून मोठे पाहुणे विदर्भ पाहायला येणार म्हणून यवतमाळच्या लॉजमध्ये अधिकारी आणि पेपरवाले भरले होते. वऱ्हाडाची सोय शेजारपाजारच्या घरी करावी लागली होती. अशा घरात उभं राहून मधुसूदनरावांनी सुतक लागल्याचं सांगितलं.

पहिल्यांदा कोणाला खरं वाटलंच नाही. मग सलीलचा आवाज चढला.

“दादा, या माणसाले मी पाह्यलं नाही, तू पाह्यलं नाही. त्याचं सुतक आपल्याले कायले?”

“न पाह्यल्यानं नातं थोडंच तुटते? सात पिढ्यांच्या आतला आहे.”

“जिल्ह्यात रोज माणसं मरून राह्यली. शेजारच्या गल्लीतला गेला तरी आपण चहा पिऊन कामाले लागतो. अन्‌ तू कॉम्प्युटरमधल्या माणसाचं सुतक धरून राह्यला?”

गुरुजींना विचारलं. गुरुजी व्यवहारी होते. ते म्हणाले, “सात पिढ्यांच्या आत असंन तर लागते. आहे काय, ते तुम्हीच सांगा.” सुटकेला दार ठेवून त्यांनी प्रश्न विचारला होता. मधुसूदनरावांनी छापलेला तक्ता त्यांच्यापुढं पसरला आणि प्रत्येक पिढीवर बोट ठेवत वरपर्यंत मोजून दाखवलं. गुरुजींनी सलीलकडं पाहून मान खाली घातली.

मग कुंदाताईनं त्यांना आत बोलावलं. उशीला टेकून ती बसली होती. दम लागत होता, तरी हसली.

“मधू, फोन तूच उचलला ना? दुसऱ्या कोणाच्या कानावर गेला नाही?”

“नाही.”

“मंग दोन दिवस गप्प राहू शकत होता तू. देवक बसलं का सुतक लागत नाही. एवढं तर मले बी माहीत आहे.”

“ऐकलं ना मी, ताई. ऐकलं का लागलं. उद्या पोरीच्या संसारात काही वाकडं झालं तर? कन्यादान मले करायचं आहे.”

“अजून बी सांग का चुकलं म्हणून. तुझ्या हातात आहे.”

“खोटं कसं सांगू?”

तिनं सुजलेली पावलं पांघरुणात घेतली. मग म्हणाली, “मले तर तुमचं सुतक बी नाही रे. मी दुसऱ्या घरची.” आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, “कार्तिकापर्यंत मी नाही राह्यत, मधू.”

“अभद्र बोलू नको,” ते म्हणाले. या एका वाक्यासाठी पुढं त्यांनी स्वतःला किती शिव्या दिल्या, त्याला गणती नाही. तिनं आयुष्यात त्यांच्याकडं पिशवीभर भाजीशिवाय काही मागितलं नव्हतं. ही एकच गोष्ट मागितली आणि त्यांनी तिला गप्प बसवलं.

लग्न पुढं गेलं. मुलाकडची मंडळी भली, त्यांनी वाद घातला नाही. भैरवीनं मेंदीचे हात तसेच घेऊन आत्याच्या उशाशी बसून घेतलं. सलील भावाशी बोलेनासा झाला. सुतक फिटलं तेव्हा चातुर्मास लागला होता. गौरी जाऊन आठवडा झाला नाही तोच कुंदाताई गेली. सकाळी भैरवी चहा घेऊन गेली, तेव्हा ती थंड झाली होती.

वर्षाच्या आत करावं म्हणून तुळशीच्या लग्नानंतर मांडव उभा राहिला. मधुसूदनरावांनी कन्यादान केलं. अक्षता पडत असताना भैरवी मान वर करून मांडवाच्या मागच्या बाजूला पाहत राहिली, आणि ते त्यांना दिसलं. तरीही तोवर त्यांच्याजवळ एक आधार होता. वाईट झालं, पण आपण शास्त्राला धरून वागलो, खोटं बोललो नाही. माणूस एवढ्या आधारावर बरेच दिवस काढू शकतो.

तो आधार पौषात गेला. चतुर्थीला ते कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेले आणि आपल्याच भाऊबंदांकडं म्हणून क्षितिजच्या घरी फराळाला थांबले. क्षितिजची आजी आता नव्वदीला टेकलेली, पण बोलणं खणखणीत. आजवर मधुसूदनराव त्या घरी दोनदा येऊन गेले होते. दोन्ही वेळा त्यांनी नावं आणि सनावळ्या उतरवून घेतल्या आणि बस गाठली. म्हातारीजवळ बसले नव्हते. आज बसले. बोलता बोलता ती मूळ पुरुषावर आली.

“आमचे गोविंदराव म्हणजे सासऱ्यांचे आजे. जन्मापासून पायानं अधू बिचारे. कुबडीवर चालत. लहानपणीच त्यायले बापानं हिवऱ्याहून इथं आणलं, चिंतामणीच्या पायाशी. मेल्यावरच गावाबाहेर गेले म्हणतात.”

मधुसूदनरावांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांचे गोविंदपंत घोड्यावरून महागावकडचा सगळा मुलूख पालथा घालणारे. नाल्याच्या पुरात घोडा घातला होता, ही गोष्ट त्यांच्या घरात प्रत्येक मुलाला जेवताना सांगत. कुबडीवर चालणारा माणूस आणि हा घोडेस्वार एक कसे असणार?

“आजी, नक्की? जन्मापासूनच?”

“आता सासू मले खोटं कायले सांगंन? तुम्ही याआधी विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.”

परतीच्या बसमध्ये त्यांना काही दिसलं नाही. घरी येऊन त्यांनी संगणक लावला आणि जोडलेले दोन गोविंद वेगळे केले. ते काम सोपं होतं. कळंबची सारी शाखा झाडावरून निघून गेली, तिसऱ्या मुलापुढं पुन्हा रिकामी चौकट आली. मेला तो माणूस त्यांचा कोणी नव्हता. सुतक नव्हतंच. कुंदाताईच्या चौकटीत मृत्यूची तारीख त्यांनीच भरली होती. ती काही पुसता येणारी नव्हती.

त्यांनी प्रभावतीला सांगितलं. तिनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, “जे झालं ते झालं. पण हे तोंडातून काढू नका. निदान पोरीसमोर तरी.”

पण गप्प बसणं हे मधुसूदनरावांना कधी जमलंच नाही. आठवडाभर ते तळमळले. चूक केली, तर कबूल करायला नको? सलीलच्या शिव्या खायलाही त्यांची तयारी होती. भैरवी पहिल्या संक्रांतीला माहेरी आली, तेव्हा ते आवारातून तिच्याकडं गेले. सलील शिकवायला शाळेत गेला होता. ती तीळ निवडत बसली होती. त्यांनी तिच्यासमोर पाट घेतला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. दोन गोविंद, ‘होय’वर दाबलेलं बोट, कळंबची आजी. काही लपवलं नाही, स्वतःची बाजू घेतली नाही. सांगता सांगता रडले.

भैरवीनं ऐकून घेतलं. तीळ निवडायचे तिचे हात थांबले होते. तिला राग येईल, ती ओरडेल, निदान त्यांच्या गळ्यात पडेल, यातलं काहीतरी होईल असं त्यांना वाटलं होतं.

“काका,” ती म्हणाली, “हे मले कायले सांगितलं?”

“तुले खरं कळावं म्हणून, बाई.”

“आत्या गेली तवापासून मी स्वतःले एकच समजावत होती, का शास्त्र होतं, कोणाचा इलाज नव्हता. तेवढ्यावर झोप लागत होती मले.” तिनं सूप बाजूला सारलं. “आता ते बी नेलं तुम्ही.”

मधुसूदनराव उठले. पाट उचलून भिंतीला लावला आणि चपला पायांत न घालताच आवार ओलांडून घरी गेले.