बोलीवर आणलेला लॅपटॉप

आमच्या आष्टीत कुणाला बैल घ्यायचा असला की आधी आमच्या मालकांना बोलावणं येतं. साहेबराव बाजारात आले म्हटलं की माणसं वाट देतात. खांदा बघतील, छाती बघतील, खुराला हात लावतील, आन मंग एवढंच म्हणतील, घ्या. त्यांनी घ्या म्हटलेला बैल सहसा वाया जात न्हाई. पर घरात त्याचा लई ताप व्हतो. फ्रिज घ्यायचा असो की माझी साडी, पसंती ह्यांचीच. म्हणून सुनेला लॅपटॉप घ्यायचं ठरलं तवाच मी वळखलं, ह्याची बी पसंती तेच करणार.

सून म्हंजी रूपाली. माझा सूरज ट्रकवर असतो, आन ही गावातल्या वसंताच्या फोटो स्टुडिओत कामाला. लग्नाचं शूटिंग हिनं करायचं, कापून जोडून त्याची फिल्म हिनंच बनवायची, पर कम्प्युटर वसंताचा म्हणून नाव बी वसंताचं. मला लई राग यायचा. या उन्हाळ्यात मात्र तिला पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं काम आलं. शहागडच्या अर्पिताचं लग्न. तिची अट एकच व्हती: सकाळची हळद आन दुपारचं लग्न, दोन्हीची फिल्म संध्याकाळी पाठवणीच्या आधी मंडपात पडद्यावर दाखवायची. जमलं तर रूपालीचा स्वतःचा धंदा उभा राहणार. न्हाई जमलं तर परत वसंताकडं जाऊन अल्बमला फोटो चिकटवत बसायचं. कॅमेरा सूरजनं घेऊन दिल्ता, आता लॅपटॉप तेवढा पाहिजे व्हता. पोरगी आनंदानं घरभर नाचून राह्यली व्हती, आन तिच्यामागं मी.

आम्ही तिघं जालन्याला दुकानात गेलो. टेबलावर ओळीनं लॅपटॉप मांडलेले. झालं, मालकांचा बाजार भरला. ते सरळ सगळ्यात मोठ्याकडं गेले. दोन्ही हातांनी उचलून वजन बघितलं, पडद्यावर वीत टाकली, आन म्हणले अंगानं भरलेला हाय, हाच घ्यायचा. रूपालीनं माझा पदर ओढला. हळूच म्हणली, आत्याबाई, त्याची रॅम कमी हाय, प्रोसेसर जुना हाय. हिशेब लिहायला, पिक्चर बघायला तो बेस, पर व्हिडिओ जोडायला आतून दम लागतो. मला लहान चालेल. पर चारचौघांत सासऱ्याचा शब्द ती कशी मोडणार? आन मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी दुकानदाराच्या हातावर हात मारला बी. वर त्याला बजावलं की बोलीवर घेऊन राह्यलो, काम ओढलं न्हाई तर परत आणीन. आमच्याकडं बैल असाच घेतात. चार दिवस घरी जुंपून बघायचा, नांगरात बसला की परत. दुकानदार हसला आन बराबर म्हणला.

घरी आणला, मी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, शेजारणी गोळा झाल्या. रूपालीनं एका जुन्या लग्नाचा व्हिडिओ लावला. नवरीनं हार उचलला, हात पुढं केले, आन सगळं थांबलं. आम्ही बघून राह्यलो. आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घुमायला लागला, पर हार काही नवऱ्याच्या गळ्यात पडंना. शेजारणी हसत हसत घरी गेल्या. रूपाली एवढंच म्हणली की होईल हळूहळू, मामा. मंग आत जाऊन भाकरी थापायला बसली, आन थापता थापता डोळेच जास्त पुसून राह्यली.

माझं डोकं फिरलं. मी बाहेर आले आन म्हणलं, "बैल नांगरात बसलाय. आता काय पेरणी होईपर्यंत त्याचं तोंड बघत बसता?"

मालक म्हणले पूजा झालेली वस्तू परत न्यायची नसती. मी म्हणलं, जाफराबादच्या बाजारातून आणलेल्या पांढऱ्या बैलाच्या कपाळाला कुंकू कुणी लावलं व्हतं? मीच ना? नेलाच की परत. आपण निवडलेलं जनावर बसलं, हे गिळायला मालकांना जड गेलं असणार. मंग उठले, डोक्यावर टोपी घातली, आन म्हणले चला.

दुकानदारानं आधी आढेवेढे घेतले, पर बोली त्यानंच मान्य केली व्हती. मोठ्या लॅपटॉपवरचं कुंकू मी पदरानं पुसून दिलं. मंग मालक स्टुलावर बसले आन सगळ्यांदेखत म्हणले, "रूपाली, तुझं काम तू वळखतीस. तू निवड. मी बोलणार न्हाई."

आयुष्यात ह्या माणसाच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं!

मंग माझी पोरगी काय खुलली म्हणता! पर्समधून तिनं पेनड्राइव्ह काढला, त्यात तेच हारवालं लग्न. दुकानदार कुरकुरला तर म्हणली, घरी नेऊन परत आणण्यापेक्षा हितंच जुंपून बघू. एकावर हार पडला, पर थांबत थांबत. दुसरा जबरदस्त पळाला, पर अंगानं एवढा की काळीपिवळी जीपमधी दाटीत मांडीवर मावायचा न्हाई, आन त्याचा चार्जर विटेएवढा. तिसरा चौदा इंचाचा. सोळाची रॅम, नवा प्रोसेसर, बॅटरी दमाची, वजनाला हलका. तिनं बटण दाबलं आन हार टपकन गळ्यात! मी दुकानात टाळ्या वाजवल्या, लोकं बघायला लागली, बघू द्या. वरचे पैसे मालकांनी मुकाट्यानं दिले.

लग्नाच्या दिवशी काळीपिवळीत रूपालीनं तो मांडीवर धरला, आजूबाजूला आम्ही दाटीवाटीनं. शहागडला सकाळी हळद झाली, दुपारी अक्षता पडल्या. मधल्या वेळात आन मंग अक्षता पडल्यावर ती मंडपाच्या कोपऱ्यात बसून कापत जोडत राह्यली, जेवायला बी उठली न्हाई. आन ऐन कामात लाईट गेली. मी देवाचं नाव घ्यायला लागले. रूपालीनं मान वर केली न्हाई. बॅटरीवर तिचं चालूच व्हतं. जनरेटर सुरू झाला, पडदा उजळला, तवर फिल्म तयार!

सगळा मंडप पडद्याकडं वळला. पडद्यावर हळद लागून राह्यली व्हती, बायका गाऊन राह्यल्या, आन पार मागं, मंडपाच्या खांबाआड अर्पिताचा बाप उपरण्यानं डोळे पुसताना. दिवसभर तो सगळ्यांशी हसून बोलत व्हता, त्याचं रडणं कुणालाच दिसलं नव्हतं. अर्पिता खुर्चीवरून उठली, शालू सावरत बापाकडं गेली आन त्याच्या गळ्यात पडली. मी तर हुंदकेच दिले. फिल्म संपली न संपली तवा रूपालीभोवती बायका जमल्या, कुणाच्या पुतणीचं लग्न, कुणाच्या भाचीचं, फोन नंबर दे म्हणून.

मालक लॅपटॉपपाशी गेले. वरून हात फिरवला आन दचकले. "तापलाय गं. दमला का?"

"न्हाई मामा. अजून एक लग्न ओढील."

तेवढ्यात वरबापानं मालकांना ओळखलं. मागं त्याला बैल ह्यांनीच बघून दिल्ते. तो म्हणला, साहेबराव, मशीन बी तुमच्याच पसंतीची दिसती. मालक टोपी काढून परत घालत म्हणले, "न्हाई हो. सुनेनं निवडली. मी निवडली ती नांगरात बसली व्हती."

मी तिथंच खुर्चीवर बसून ठरवलं की यंदा दिवाळीची साडी मी निवडणार. काळीपिवळीत बसल्या बसल्या ह्यांना तसं सांगून बी टाकलं.