सतरा नंबरचा शेरा

त्या माणसाला सहीपुरतंच लिहिता यायचं, आणि तरी आयुष्यात मी सगळ्यात जास्त हेवा केला तो त्याचाच. मी पुण्याचा, बी.कॉम., अक्षर असं की शाळेत फळ्यावरचा सुविचार मास्तर माझ्याकडून लिहून घ्यायचे. तो रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचा सुतार. आम्हा दोघांना एकाच माणसाची मर्जी हवी होती, हे आता सरळ सांगून टाकतो. त्या वेळी कुणी असं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो.

तो एक माणूस म्हणजे आखातातल्या अल ऐनमधले आमचे अरबाब. मालकाला तिकडे सगळे अरबाबच म्हणतात. खजुराच्या बागा, दोन-तीन इमारती, आणि त्या सगळ्याची कागदपत्रं सांभाळायला मी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एकदा त्यांनी मला बैठकीच्या मागच्या खोलीत नेलं. भिंतींवर एक्केचाळीस जुन्या बंदुका. काही तोड्याच्या, काही ठासणीच्या, काही इंग्रजांच्या काळातल्या लांब नळीच्या. परवान्याचे कागद वकिलाकडे होते. अरबाबना हवी होती घरची वही: कोणती बंदूक कशी आहे, कुठून आली, कुणाची होती. तुझं अक्षर चांगलं आहे, हे काम तूच कर, असं ते हिंदीत म्हणाले, आणि मी आठवडाभर हवेत होतो.

जाड पुठ्ठ्याची वही आणून मी पट्टीने रकाने आखले. बंदूक रिकामी आहे हे अरबाब आधी स्वतः बघायचे, मगच माझ्या हातात द्यायचे. मग मी टेपने नळी मोजायचो, लाकडावरची चीर, चांदीचे पट्टे, नळीवर कोरलेली अक्षरं टिपून घ्यायचो आणि नंबराची चिठ्ठी दोऱ्याने बांधायचो. सगळं इंग्रजीत. शेवटचा रकाना रिमार्क्सचा, आणि तो मी सगळ्यात रुंद ठेवला होता, कारण बंदुकीमागची गोष्ट अरबाब सांगणार आणि मी ती लिहिणार अशी माझी कल्पना. अरबाब मात्र सांगत नसत. विचारलं की "इन्शाल्ला, कभी बताएगा" म्हणून उठायचे. रकाना कोराच राहिला, आणि मी वाट बघत राहिलो.

दोनेक वर्षांनी मिस्त्री आला. अल ऐनच्या कोरड्या हवेत बंदुकांचे लाकडी दस्ते तडकायला लागले होते आणि खोर फक्कानला लाकडाचं नाजूक काम करणारा कुणी आहे असं अरबाबना कळलं होतं. वीस वर्षं त्या देशात काढलेला माणूस, अरबी घरच्यासारखी बोलायचा. आल्या दिवशी मला म्हणाला, "साहेब, आपण गाववाले." पुणं आणि रत्नागिरी एका गावात कधी आलं, हे मी त्याला विचारलं नाही. तोंडभर हसलो मात्र.

पंधरा दिवसांत अरबाब त्याला मांडीला मांडी लावून बसवायला लागले. दुपारी बैठकीत गालिच्यावर मोठं थाळं यायचं, भात आणि वर मटण, आणि चार-पाच माणसं एकाच थाळ्यात जेवायची. अरबाब आपल्या हाताने चांगला तुकडा तोडून मिस्त्रीच्या पुढ्यात सारायचे. आणि तिथे, हात भाताने भरलेले असताना, बंदुकांच्या गोष्टी निघायच्या.

मी तेव्हा कुठे असायचो? गाडीत. एसी लावून, मांडीवर डबा, पोळी आणि बटाट्याची भाजी. मला कुणी हाकललं नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी अरबाबनी गालिच्यावर हात थोपटून "यल्ला, बैठो" म्हटलं होतं, आणि मी मान हलवून "व्हेज, व्हेज" करत मागे सरलो होतो. त्यानंतर त्यांनी कधी आग्रह केला नाही. खजूर आणि कॉफी मात्र रोज टेबलावर यायची.

गोष्टी मला उष्ट्या मिळायला लागल्या. जेवून हात धुऊन मिस्त्री माझ्या टेबलाशी यायचा आणि सांगायचा, साहेब, नऊ नंबरची अरबाबच्या मामाने ओमानहून आणली, उंटावर, वाळूत पुरून ठेवली होती. अरबाब बोलले, वहीत टाका. मी लिहायचो, "दस्ता दुरुस्त केला." बस्स. त्या नऊ वर्षांत मिस्त्रीचं नावसुद्धा मी वहीत येऊ दिलं नाही, सगळीकडे नुसतं "सुताराकडून". तेल लावताना तो माझ्या चिठ्ठ्या सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. त्या अदलाबदल झाल्या असतील या आशेने मी शनिवारी एकेक तपासायचो. कधी एक चुकली नाही. त्याचा मला किती राग यायचा!

घरी मी त्याच्या इतक्या कागाळ्या करायचो की बायको एकदा म्हणाली, "अहो, सवतीमत्सर ऐकला होता, सुतारमत्सर पहिल्यांदाच बघतेय." मुलगी टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "बाबा, जस्ट सिट विथ देम. यू डोन्ट हॅव टू ईट द मटन." दहा वर्षांच्या पोरीला जे सुचलं ते मला सुचलं नव्हतं, आणि सुचवल्यावर पटलंही नाही. आता इतक्या वर्षांनी जाऊन बसलो तर त्या मिस्त्रीने जागा करून दिल्यासारखं होईल, असं वाटायचं.

सतरा नंबरची बंदूक लहानशी होती. चांदीचे तीन पट्टे, आणि दस्ता कुणीतरी मागून चार बोटं कापलेला. एका दुपारी मिस्त्री नेहमीसारखा टेबलाशी आला, पण बसला. म्हणाला, ही अरबाबच्या आईची. उन्हाळ्यात पुरुष मोती काढायला समुद्रावर जायचे, तेव्हा बागेत पोरांना घेऊन ती एकटी राहायची. तिच्या खांद्याला बसावी म्हणून दस्ता कापला.

"आणि साहेब, ही धाकट्या बेटीला द्यायची आहे. रिमार्क्समध्ये एवढं टाकाच. अरबाबने खुद सांगितलंय."

"मला सांगितलं तर लिहीन," मी म्हणालो.

"तुम्ही जेवायला नसता ना साहेब."

तो साधेपणाने बोलला, टोमणा नव्हता. मला मात्र मुस्काटात बसली. शेजारच्या खोलीत अरबाब कॉफी पीत होते. उठून विचारायला दहा पावलं पुरली असती. पण विचारायचं म्हणजे तुम्ही हे त्याला सांगितलंत आणि मला नाही, असं कबूल करायचं. तो गेल्यावर मी वही उघडली आणि सतरा नंबरपुढे टपोऱ्या अक्षरात लिहिलं: "दस्ता मूळ मापाहून आखूड. सदोष." यातलं एक अक्षर खोटं नाही, असं तेव्हा स्वतःला सांगितल्याचं आठवतं.

नव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी अरबाब झोपेतच गेले. चाळीस दिवसांनी तिन्ही मुलगे वाटणीला बसले, आणि मधोमध माझी वही. थोरल्याने माझी पाठ थोपटली, वडिलांचं सगळं इतकं नीट लिहून ठेवलंस म्हणाला. चांगल्या बंदुका तिघांनी वाटून घेतल्या. ज्यांच्यापुढे "सदोष" होतं त्या पाच सरकारजमा करायच्या ठरल्या. त्यांची यादी मीच टाइप केली. चौथ्या ओळीवर, सतरा नंबरशी, हात थांबला होता. पण मग आठवलं, तसं मला कुणी सांगितलं कुठे होतं? जमा झालेल्या बंदुका भट्टीत जातात, हे मला नंतर कळलं.

महिन्याभराने अरबाबची धाकटी मुलगी ऑफिसात आली. विद्यापीठात शिकवायची. आजीची बंदूक वडिलांनी तिला द्यायची कबूल केली होती, भावांना ते माहीत नव्हतं, म्हणून ती वहीत बघायला आली होती. मिस्त्री दाराशी उभा होता. तिने बोट खाली नेत सतराची ओळ काढली आणि मोठ्याने वाचली. दस्ता आखूड. सदोष. मग माझ्याकडे बघून इंग्रजीत विचारलं, "माझ्या वडिलांनी तुम्हाला कधीच सांगितलं नाही?"

"नाही मॅडम," मी म्हणालो. तेही खरंच होतं.

मिस्त्री पुढे आला. तोवर मला पुरेशी अरबी येत होती, त्याचा शब्द न शब्द कळला. तो म्हणाला, "अरबाबनी मला सांगितलं होतं, बेटी. साहेबांना सांगायचं मीच विसरलो. चूक माझी."

ती रडली नाही. तिने वही मिटून माझ्याकडे सरकवली, मिस्त्रीला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, बाबांनी जे जे सांगितलं ते सगळं मला सांग. दोन तास तो सांगत होता. उंट, वाळू, समुद्र, बागेतली आजी. तिने पर्समधून छोटी डायरी काढली आणि ती लिहीत गेली, भराभर, वेड्यावाकड्या अक्षरात. मी तिथेच होतो. मला कुणी काही लिहायला सांगितलं नाही. आणि लाज वाटायला हवी होती त्या वेळी माझ्या मनात काय होतं, तर हा माणूस माझ्यावर उपकार करून पुन्हा एकदा मोठा झाला, हा जळफळाट. लाज नंतर आली. आली ती गेली नाही.

ती गेल्यावर मिस्त्रीने हत्यारं पिशवीत भरली. मी काहीतरी बोलेन म्हणून थोडा थांबला असावा. मग त्यानेच विचारलं, "साहेब, जेवलात का?"

मी हो म्हणालो. डबा गाडीत तसाच होता.